आधी काच, मग नाव

ओव्हाळ मॅडम माझ्या स्कूटरवर मागे बसल्या की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "आज कुठल्या रस्त्याने?" त्या धायरीत राहायला आलेल्या, मी धायरीचाच, जन्मच तिथला. आमच्या शेतांच्या सोसायट्या होताना मी पाहिल्यात. धायरीहून स्वारगेटला कसं जायचं हे मला कोणी विचारायची गरज नव्हती. पण सिंहगड रस्ता म्हटलं की मॅडम घड्याळ बघायच्या, गल्लीबोळातून जाऊ म्हटलं की मान हलवायच्या, आणि पुलाचं काम चाललंय तिथून जाऊ म्हटलं तर सरळ उतरून उभ्या राहायच्या. मला वाटायचं, बाईंना प्रत्येक गोष्टीत मास्तरकी करायची हौस आहे. त्या रस्ते अंतरावरून ठरवतच नव्हत्या, हे कळायला मला सहा वर्षं लागली. आणि मी स्वतःला फार चौकस समजतो.

स्वारगेटजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये त्या डॉक्टर होत्या आणि मी टेक्निशियन. लॅब म्हटलं की लोकांना रक्त आणि लघवी एवढंच आठवतं. आमचं काम मागच्या खोलीत चालायचं. ऑपरेशनमध्ये किंवा दुर्बिणीच्या तपासणीत पोटातून काढलेले तुकडे आमच्याकडे यायचे. मी ते मेणात बसवायचो, केसाहून पातळ कापायचो, काचेवर घेऊन गुलाबी-जांभळ्या रंगात बुडवायचो आणि त्या काचा पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये लावून मॅडमच्या मायक्रोस्कोपशेजारी ठेवायचो. मग त्या बघून बोलायच्या आणि मी रजिस्टरमध्ये उतरवायचो.

पहिल्याच दिवशी मी ट्रेवर पेशंटचा फॉर्म ठेवला. माझ्या मते हे शहाणपणाचं होतं.

"हे काय आहे?" मॅडमनी मायक्रोस्कोपमधून डोळे न काढता विचारलं.

"फॉर्म, मॅडम. नाव, वय, तक्रार."

"मी मागितला का?"

मी फॉर्म उचलला.

"आधी काच, मग नाव. बघून झालं की मी हात पुढे करेन, तेव्हा फॉर्म द्यायचा. हात पुढे आला नाही तर द्यायचा नाही. आणि मी एकदा सांगितलेलं मत खोडायचं नाही. बदललं तर खाली नवी ओळ घालायची, कारणासकट. जमेल?"

जमवलं. बाकीचे डॉक्टर आधी फॉर्म वाचतात आणि त्यात काही चूक नाही, माहिती लागतेच. मॅडमही वाचायच्या, पण पहिलं मत लिहून झाल्यावर. कारण विचारायची हिंमत मला वर्षभराने झाली. तेव्हा त्या म्हणाल्या, "नाव वाचलं की माणूस दिसायला लागतो. तीस वर्षांची बाई, दोन लहान मुलं, असं वाचलं की डोळा आजार शोधत नाही, सुटका शोधतो."

पुणेरी माणूस तुटक बोलतो म्हणतात, पण मॅडमच्या बोलण्यात तुटायलाही काही शिल्लक नसायचं. एकदा एक मोठे सर्जन फोनवर रिपोर्टसाठी घाई करत होते. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, आपल्याला रिपोर्ट हवाय की दिलासा? दिलासा हवा असेल तर आत्ता देते." पलीकडून फोन बंद झाला. मॅडमनी पुढची काच लावली.

त्यांची खुर्ची दाराला लागून असायची. खोलीत एसीखाली चांगली मोकळी जागा होती, तरी त्या दाराशीच बसायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का खात. सुती साडी, खांद्याला एवढी मोठी कापडी पिशवी, आणि डब्यात बहुतेक वेळा मऊ भात. लॅबमध्ये वाढदिवसाचा केक कापला की मॅडम शुभेच्छा द्यायच्या आणि काहीतरी काम काढून उठायच्या. वर्षातून एकदोनदा त्यांचा चेहरा अचानक गोल व्हायचा, गाल वर यायचे. आम्ही आपसात म्हणायचो, मॅडमना माहेरपण मानवलेलं दिसतंय. आमच्याइतके माठ लोक कुठल्याच लॅबमध्ये नसतील. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा असा होतो हे आम्ही दिवसभर फॉर्मवर वाचत होतो.

त्यांचा खास विषय होता आतडी. अवघड आतडं आलं की ओव्हाळ मॅडमना पाठवा, हा पुण्यातल्या कितीतरी लॅबचा रिवाज होता. शिकायला येणारी डॉक्टर पोरंपोरीही त्यांच्याकडे आतड्यासाठीच यायची. त्यातल्या एकाने एकदा मोठ्या उत्साहाने सांगितलं, "मॅडम, कोलायटिसमध्ये मोठं आतडं सुजतं म्हणजे बेसिकली शरीराचं सैन्य स्वतःवरच उलटतं, राइट?"

"सैन्य कुठे आहे? दाखव मला."

त्यांनी निरोगी आतड्याची काच लावली आणि त्याला बसवलं. "पेशी दिसतात?"

"हो मॅडम. लिम्फोसाइट आहेत, प्लाझ्मा सेल्स आहेत. बरेच आहेत."

"निरोगी माणसात कशाला बसल्यात एवढ्या? काय करताहेत?"

"काहीच नाही."

"काहीच नाही असं नाही. न भांडता बसल्यात. भिंतीच्या पलीकडे अब्जावधी जंतू राहतात, अलीकडे या. रोजचा शेजार. भांडायला काय लागतं? आपल्या पुण्यात पार्किंगवरूनही भांडतात. न भांडता राहायला शिकवण लागते, आणि काही पेशींचं कामच ते असतं, बाकीच्यांना आवरायचं. कोलायटिसमध्ये कोणी उलटत नाही. आवरणारं कोणी उरत नाही, किंवा त्यांचं कोणी ऐकत नाही. आता राइट?"

पोरगा वहीत लिहीत होता. मॅडमचा हात पोटावर होता. ते मी पाहिलं आणि सोडून दिलं.

मॅडम आमच्या घरावरून जायच्या, पण आत आल्या तरी पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत. आईला ते फार लागलं. "बाईस्नी आपल्या घरचं पानी चालत न्हाई का रं?" तिने मला विचारलं. मी मूर्खासारखं ते मॅडमना सांगितलं. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "आईंना सांग, माझ्या आजीला हा प्रश्न कोणाला विचारायची सोय नव्हती. माझं तसं काही नाही. माझं पोट नाजूक आहे एवढंच." त्यांची आजी कुठल्या वस्तीत वाढली आणि कोणाच्या विहिरीपासून लांब उभी राहिली, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मला त्यानंतर दोन दिवस त्यांच्याकडे बघवेना.

मग हिंजवडी झालं. तिथल्या एका कंपनीने मॅडमना पोटाच्या आरोग्यावर बोलायला बोलावलं होतं. लॅपटॉप लावायला मी बरोबर होतो. भाषण झकास झालं. परतताना कंपनीने गाडी दिली आणि संध्याकाळच्या त्या गर्दीत आम्ही अडकलो. पुढे बस, मागे बस, दोन्ही बाजूंना मोटारी, दार उघडायलाही जेमतेम वीतभर जागा. मॅडम बोलत होत्या त्या मध्येच थांबल्या. पिशवीचा बंद त्यांनी मुठीत आवळला होता. ओठ पांढरे पडले होते.

"संतोष, दार उघड."

"मॅडम, इथे कुठे..."

"उघड."

मोटारींच्या मधून अंग चोरत त्या निघाल्या आणि मी मागे. लोक हॉर्न वाजवत होते, एकाने शिवी दिली. रस्त्याकडेला पत्र्याचं पंक्चरचं दुकान होतं. मागे एक बाई भांडी घासत होती. रिपोर्टमधल्या स्वल्पविरामासाठी मला तीनदा लिहायला लावणाऱ्या मॅडम तिच्यासमोर वाकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, संडास आहे का हो?"

त्या बाईने मॅडमच्या तोंडाकडे एकदा बघितलं. काही विचारलं नाही. मागचं दार दाखवलं आणि स्वतः बादली भरून नेऊन ठेवली.

मी टायरांशेजारी उभा होतो. मॅडम बऱ्याच वेळाने बाहेर आल्या त्या दुसरी साडी नेसून. म्हणजे त्या पिशवीत साडी असायची. सहा वर्षं ती पिशवी मी स्कूटरच्या हुकाला अडकवत होतो. बाईने त्यांना मीठ-साखरेचं पाणी दिलं आणि त्या ते एका टायरवर बसून प्यायल्या. आम्ही परत आलो तेव्हा गाडी होती तिथून चार हात पुढे गेली होती.

"अठरा वर्षं," त्या म्हणाल्या. "अल्सरेटिव्ह कोलायटिस. आता तुला कळलंय तर नीट कळू दे." त्यांनी पिशवीतून एक छोटी डायरी काढून मला दिली. धायरी ते स्वारगेट, स्वारगेट ते डेक्कन, सगळ्या रस्त्यांवरची संडासं लिहिलेली. पेट्रोल पंप, हॉस्पिटलं, हॉटेलं, एक दातांचा दवाखाना. प्रत्येकापुढे शेरा होता: उत्तम, चालेल, नाइलाज. हिंजवडीचं पान जवळजवळ कोरं होतं. त्यांनी पेन मागितलं आणि लिहिलं, पंक्चरवाल्या ताई, उत्तम.

बाहेर हॉर्नचा नुसता कल्लोळ चालला होता. मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ऐकतोयस? त्याने वाजवला म्हणून याने वाजवला, याने वाजवला म्हणून त्या मागच्याने. पहिल्याने कशासाठी वाजवला ते आता कोणालाच आठवत नाही. माझ्या आतड्यात हेच चालू आहे. एक पेशी निरोप देते, तो ऐकून दहा येतात, त्या दहाही निरोप देतात. न्यूट्रोफिल म्हणतात त्या पेशी तर अस्तराच्या नळ्यांत शिरतात आणि आतच मरतात. बाहेर यायला वाट नसते." मग डायरी पिशवीत परत ठेवत म्हणाल्या, "मलाही नाही."

मी विचारलं, इतकी वर्षं दाह राहिला तर पुढे काय होतं? मला उत्तर माहीत होतं. त्यांच्याच तोंडून मी ते शंभर रिपोर्टांखाली लिहिलं होतं: अस्तर बिघडून कॅन्सर होऊ शकतो, दरवर्षी दुर्बिणीने तपासून तुकडे घ्यावेत.

"तुम्ही शेवटची तपासणी कधी केलीत?"

"सहा वर्षं झाली."

"का मॅडम?"

"कारण तो तुकडा कोणीतरी बघेल. त्यात काही निघालं तर मोठं आतडं काढतील आणि मल गोळा व्हायला पोटाला पिशवी लावतील. मी एकटी राहते, संतोष. आत्ता मी संडासांच्या यादीत अडकलेय. मग त्या पिशवीत अडकेन. यातली कुठली अडकण्याची जागा बरी, ते मला ठरवता येत नाही, म्हणून मी जात नाही. हे कोणाला सांगायचं नाही."

मी कोणाला सांगितलं नाही, पण त्यांचा पिच्छा सोडला नाही. ट्रे ठेवताना, स्कूटर सुरू करताना, लिफ्टमध्ये, जिथे सापडतील तिथे. "कधी जाताय?" त्या विषय बदलायच्या. मला त्यांचा भयंकर राग यायचा. जगाचे रिपोर्ट वेळेत देणारी बाई स्वतःच्या पोटावर पांघरूण घालून बसली होती. वर्ष असंच गेलं. मग एकदा रक्त जायला लागलं ते थांबेना, चेहरा पुन्हा गोल झाला, आणि मॅडमनी भाचीच्या लग्नाची म्हणून दोन दिवस रजा घेतली. भाचीचं लग्न चार वर्षांपूर्वीच झालं होतं. मी केळवणाला जेवून आलो होतो.

आठवड्याभराने नदीपलीकडच्या एका लॅबकडून पाकीट आलं. तीन काचा, जुना कोलायटिस, शंका आहे, ओव्हाळ मॅडमचं मत हवं. पाकीट उघडून काचांचे नंबर फॉर्मशी ताडून बघणं हे माझं काम. फॉर्मवर नाव होतं, सुमेधा शंकर. वय त्रेपन्न, धायरी. खाली फोन नंबर होता, आणि तो मला तोंडपाठ होता.

मॅडमनी ओळख लपवायला आडनाव गाळून वडिलांचं नाव लावलं होतं. आपल्या लॅबला कळू नये म्हणून तुकडे लांबच्या लॅबला दिले होते. त्या बिचाऱ्यांना काचा अवघड वाटल्या आणि त्यांनी रिवाजाप्रमाणे त्या पाठवायच्या तिथे पाठवल्या. आडनाव असतं तर त्यांनी नक्की दुसरीकडे धाडल्या असत्या.

मी ते पाकीट घेऊन बेसिनशी उभा राहिलो. सांगायला हवं होतं. स्वतःच्या काचा कोणी स्वतः बघायच्या नसतात, हे मला कळत होतं. पण सांगितलं असतं तर त्यांनी पाकीट परत पाठवलं असतं, मग आणखी कोणाकडे, मग आणखी एक रजा, आणि त्यात पुन्हा वर्ष गेलं असतं. आणि मला खरोखर वाटत होतं की त्यांच्याइतकं सरळ बघणारं दुसरं कोणी नाही, नाव माहीत नसेल तर. मी फॉर्म खिशात घातला आणि ट्रे ठेवला. ते बरोबर केलं का, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही.

त्यांनी पहिली काच लावली. "लिही. नळ्या वेड्यावाकड्या. तळाशी प्लाझ्मा पेशींची गर्दी. न्यूट्रोफिल आत शिरलेले. जुना दाह, अजून पेटलेला." दुसरी काच तशीच. तिसरीवर त्यांचा हात थांबला. बराच वेळ त्या काच इकडेतिकडे सरकवत राहिल्या.

"इथे वेगळं आहे. पेशींचा दंगा इथे कमी आहे, आणि तरी अस्तर बिघडलंय. अगदी वरपर्यंत. हे दाहाचं काम नाही. हाय ग्रेड डिस्प्लेसिया लिही." म्हणजे कॅन्सरच्या अलीकडची पायरी. "आतडं काढण्याचा विचार व्हावा, हेही लिही. वेळ आहे, पण फार नाही. इतका जुना आजार, आणि इतकी वर्षं काय झोपा काढत होता हा माणूस?"

आणि त्यांनी हात पुढे केला.

मी फॉर्म दिला. त्यांनी वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला.

"तुला माहीत होतं."

"हो मॅडम."

"आणि तू मला बसवलंस."

त्या पुन्हा मायक्रोस्कोपला डोळे लावून बसल्या. तीच काच, तीच जागा. शेवटी त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "दाहामुळेही असं दिसू शकतं. खाली ओळ घाल. दाहामुळे झालेला बदल, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी."

मी पेन खाली ठेवलं. "मॅडम, मघाशी तुम्ही म्हणालात, दंगा इथे कमी आहे."

"तू पॅथॉलॉजिस्ट कधीपासून झालास?"

"नाही झालो. मी नुसतं लिहितो. ओळ घालायची तर कारण लागतं, मॅडम. कारण काय लिहू?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं, हिंजवडीतसुद्धा नाही. "बाहेर जा," त्या म्हणाल्या. मी रंगाच्या खोलीत गेलो आणि बरण्यांसमोर उभा राहून रडलो. सांगायला मला लाज नाही वाटत.

दुसऱ्या दिवशी सकाळी रजिस्टर माझ्या टेबलावर होतं. माझ्या अक्षराखाली त्यांचं अक्षर होतं: मत कायम. या काचा दुसऱ्या दोन डॉक्टरांना स्वतंत्रपणे दाखवाव्यात, कारण तपासणारी आणि रुग्ण एकच आहे. रुग्ण हट्टी आहे, पाठपुरावा करावा. खाली सही होती, आडनावासकट.

दोन्ही डॉक्टरांनी तेच सांगितलं. पाठपुरावा मी केला. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मीच त्यांना सोडायला गेलो, आणि रस्ता कुठला हे त्यांनी त्या दिवशीही विचारलंच. आतडं वेळेत निघालं. त्या शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, आता काढलेल्या आतड्याच्या काचा बघायच्या का? त्या म्हणाल्या, "नको. त्या पेशंट बाईचं आणि माझं बोलून झालंय."

पोटाच्या पिशवीशी त्यांचं पहिले दोन महिने अजिबात जमलं नाही. चिडायच्या, रडायच्या, फोन उचलायच्या नाहीत. लॅबमध्ये त्या परत आल्याच नाहीत. मग एक दिवस आपणहून आमच्या घरी आल्या. आईने ताट वाढलं आणि म्हणाली, "काय हाय ते गोड मानून घ्या बाई." मॅडमनी भाकरी खाल्ली, सावकाश, अगदी बारीक चावून, आणि तांब्याभर पाणी प्यायल्या. त्या गेल्यावर आई बराच वेळ तो तांब्या घासत बसली.

आता त्या नागपूरला भाचीकडे असतात. फोन करतात, तोही रिपोर्टसारखा, तीन ओळींचा. पण त्या पुणे सोडण्याच्या आधीच्या आठवड्यात मला एकदा दिसल्या होत्या, आणि मॅडम म्हटलं की मला त्या तशाच आठवतात.

सिंहगड रस्ता नेहमीसारखा तुंबला होता. माझ्या स्कूटरशेजारी धायरीची बस उभी होती, खच्चून भरलेली. सहज वर बघितलं तर दारापासून सगळ्यात लांबच्या, मागच्या खिडकीशी मॅडम बसलेल्या. मांडीवर ती मोठी कापडी पिशवी नव्हती, छोटी पर्स होती. काचेला डोकं टेकलेलं, तोंड अर्धवट उघडं. त्या गाढ झोपल्या होत्या. चारी बाजूंनी हॉर्न वाजत होते, बस तसूभर हलत नव्हती, आणि रस्त्यावर असताना जिने कधी पापणी मिटली नाही, ती बाई तिथे झोपली होती.

मी हाक मारली नाही. पुढे एक मोटार हलली आणि सगळे एकदम पेटून उठले. माझ्या मागचा तर हॉर्नवरून हात काढेना. आता बस हलणार आणि धक्क्याने त्यांना जाग येणार. या रस्त्याला आयुष्यभर शिव्या दिलेला मी माणूस, पण त्या दिवशी मनापासून वाटलं की ही कोंडी आणखी थोडी राहू दे.